नमुना घेतला तेव्हा पाऊस नव्हता

नदीच्या प्रदूषणावरच्या आमच्याकडच्या प्रबंधांचा एक साचा ठरलेला आहे. नदी निवडायची, तिच्यावर पाच-सहा ठिकाणं ठरवायची, पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशा तीन फेऱ्या मारायच्या, प्लॅस्टिकचे कॅन भरून आणायचे, तक्ता करायचा, त्यातून जल गुणवत्ता निर्देशांक काढायचा. शेवटी निष्कर्ष: औद्योगिक सांडपाण्यामुळे नदी प्रदूषित होत असून शासनाने उपाययोजना करावी. पहिल्या वर्षी मी जो आराखडा सादर केला तोही याच साच्यातला होता, आणि तो मंजूरही झाला. आज त्या साच्यावर टीका करायची आहे. सरकारी देखरेखही जवळपास त्याच साच्यात चालते, म्हणून ओघाने तिच्यावरही.

मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा: आपण पाणी मोजतो ते आपल्या सोयीच्या वेळी, आणि घाण सुटते ती तिच्या वेळी.

आधी आकडे बघू. समजा एखाद्या औद्योगिक परिसरातून वर्षात सहा वेळा, प्रत्येकी सहा तास, घाण पाणी ओढ्यात जातं. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ३६ तास. आपण महिन्यातून एकदा, कधीही, असे वर्षाला बारा नमुने घेतले, तर त्यातला एक तरी नमुना या ३६ तासांत पडण्याची शक्यता साधारण पाच टक्के येते. म्हणजे अशी वीस वर्षं मोजत राहिलं तर एखाद्या वर्षी काहीतरी सापडेल. शिवाय 'कधीही' हे गृहीतकसुद्धा उदार आहे. प्रत्यक्षात नमुना घेतला जातो तो दिवसा, कामाच्या वेळेत, गाडी जाईल अशा रस्त्याने आणि पाऊस नसताना. मीही तसेच घेतले. पावसात ओढ्याच्या काठावर पाय घसरतो, बाटलीवरची शाई पुसली जाते, आणि बरोबर आलेला ड्रायव्हर म्हणतो, "ताई, उद्या बघू की." मग उद्याच बघितलं जातं.

आता हे ३६ तास कितीसे महत्त्वाचे, असं वाटू शकेल. त्यासाठी दुसरा हिशेब. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल याचं माप म्हणजे बीओडी. देशातल्या नद्या-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशची बीओडी मात्र प्रक्रियेआधी ४०-५० हजारांच्या घरात असते. नियम पाळून रोज एक लाख लिटर पाणी सोडणारा कारखाना दिवसाला ३ किलो ऑक्सिजनची मागणी नदीवर टाकतो. दहा हजार लिटरचा स्पेंटवॉशचा एकच टँकर ५०० किलोची टाकतो. म्हणजे साडेपाच महिन्यांचं कायदेशीर काम एका टँकरमध्ये. नदीच्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होणार असं धरलं, तर ५०० किलो म्हणजे दहा कोटी लिटर पाण्यातला ऑक्सिजन. हे सगळं एका तासात होत नाही, कुजायला दिवस लागतात, हे खरं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर नदीत पाणीच कमी असतं, ते बंधाऱ्यांमागे तुंबलेलं असतं, आणि गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तो याच दिवसांत. त्या वेळच्या बातम्या आठवा. कुणी मळीमिश्रित पाण्याकडे बोट दाखवत होतं, कुणी महापालिकेच्या सांडपाण्याकडे. शेरी नाल्याचा प्रश्न तर आमच्या पिढीच्या जन्माआधीपासूनचा. मासे मेल्यानंतर पंचनामा होतो, नमुने जातात, नोटिसा निघतात. यातलं काहीच चुकीचं नाही. पण मासे दिसल्यावर त्याच जागेवरून घेतलेला नमुना नेमकं काय सांगतो? प्रवाहाचा वेग ताशी एक किलोमीटर धरला, तर ज्या पाण्यात मासे गुदमरले ते चोवीस तासांनी २४ किलोमीटर खाली गेलेलं असतं, आणि बाटलीत येतं ते तेव्हा २४ किलोमीटर वर असलेलं पाणी. बंधाऱ्यामागे पाणी थांबलं असेल तर हे अंतर कमी होईल. पण मग घाण कुठून आली हा माग आणखी पुसट होतो, कारण तिथे सगळ्यांचं पाणी एकत्र झालेलं असतं.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं: आता ऑनलाइन देखरेख आहे ना! आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना, ज्यात साखर कारखाने आणि आसवन्या दोन्ही येतात, सांडपाण्यावर चोवीस तास चालणारी यंत्रं बसवायला सांगितली. हे पाऊल मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. 'शून्य विसर्ग' असलेल्या कारखान्यांत तर कॅमेरे आणि प्रवाहमापकही लागतात. पण यंत्र बसतं कुठे? प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी. त्या पाइपातून जे येईल ते त्याला दिसतं. आवारात पडलेलं, सांडलेलं, पावसाने वाहून नेलेलं आणि कुंपणाखालच्या गटारातून ओढ्याला मिळालेलं पाणी त्या पाइपातून जातच नाही. यंत्र खरं बोलत असतं, पण त्याला विचारलेला प्रश्नच अर्धा असतो. आणखी एक तांत्रिक बाब: ऑनलाइन यंत्र बीओडी थेट मोजू शकत नाही, कारण ती चाचणीच तीन दिवसांची आहे. बरीच यंत्रं प्रकाश किती शोषला गेला यावरून बीओडीचा अंदाज बांधतात. तो अंदाज त्या-त्या कारखान्याच्या पाण्यावर वेळोवेळी पडताळून घेतला नाही, तर स्क्रीनवरचा आकडा शोभेचा ठरतो.

पावसाच्या पाण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष गंभीर आहे आणि त्याचं कारण आपला भूगोल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर सांगलीला सहाशेच्या आसपास. लोणंद, कुपवाड, मिरज या औद्योगिक वसाहती या कोरड्या बाजूला आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गळीत हंगाम चालतो. आवारात बगॅस उडतो, प्रेसमडचे ढीग राहतात, मळी सांडते. इतर उद्योगांत भंगार, फाउंड्रीची वाळू, तेलाचे डाग. सहा-सात महिने हे सगळं साठतं आणि एप्रिल-मेमध्ये एखाद्या संध्याकाळी वळीव येतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात आवार धुऊन निघतं, आणि खाली नदीत पाणी सगळ्यात कमी असतं. प्रबंधातली 'पावसाळ्याआधी' ही फेरी वळवाच्या आधी होते आणि 'पावसाळ्यात' ही फेरी जुलैच्या पुरात, जेव्हा सगळं विरळ झालेलं असतं. मधली संध्याकाळ कुणाच्याच तक्त्यात नसते.

पावसाचं पाणी आणि सांडपाणी वेगळं ठेवा, अशी अट कागदावर असते. पण वेगळं ठेवलेलं पावसाचं पाणी तपासायचं कुणी आणि कधी, याचा पत्ता नसतो. अमेरिकेत १९८७ मध्ये स्वच्छ पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली, १९९० मध्ये नियम आले आणि कारखान्याच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू लागला. तिथल्या सर्वसाधारण परवान्यात नमुना शक्यतो पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत घ्यायचा असतो, आणि आधीच्या पावसाला किमान ७२ तास झालेले असावे लागतात. दर तिमाहीला त्या पाण्याचा रंग, वास, फेस, तेलाचा तवंग डोळ्यांनी बघून नोंदवायचा. ही व्यवस्थाही निर्दोष नाही, कारण नमुने कंपनीच घेते आणि कंपनीच कळवते. पण निदान घड्याळ बरोबर लावलेलं आहे. काचेच्या बरणीत पाणी धरून त्याचा रंग आणि वास नोंदवायला कोट्यवधींची यंत्रणा लागत नाही.

मग करायचं काय? माझ्या आराखड्यात मी जे बदललं ते सांगते. नदीवरची ठिकाणं कमी केली आणि ओढ्यांवर गेले. प्रत्येक ओढ्यावर दोन ठिकाणं, वसाहतीच्या वर एक आणि खाली एक. तिथे वाहकता, म्हणजे कंडक्टिव्हिटी, आणि तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवणारं छोटं यंत्र. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, त्यामुळे पाऊस आल्यावर वाहकता उतरायला हवी. ती चढली आणि चढतीच राहिली, तर काहीतरी धुऊन येतंय. तेवढ्याच वेळचा नमुना पुढच्या तपासणीला घ्यायचा. स्पेंटवॉशमध्ये पोटॅश भरपूर असतं, तर घरगुती मैल्यात अमोनिया आणि विष्ठेतले जिवाणू. त्यामुळे 'मळी की मैला' हे भांडण बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत सुटू शकतं. बऱ्याच अंशी म्हणते, कारण उसाच्या शेतातूनही खताचं पोटॅश वाहून येतं. म्हणूनच वरचं ठिकाण लागतं. ते नसेल तर कारखान्यावर शेतकऱ्याचा दोष जाईल, किंवा उलट.

मंडळाच्या माणसांबद्दलही थोडं न्यायाने बोलायला हवं. मोजके कर्मचारी, मोठा पल्ला, नमुना प्रयोगशाळेत वेळेत पोहोचवायची घाई. त्यात साताऱ्याचं कार्यालय पुणे विभागात आणि सांगलीचं कोल्हापूर विभागात. नदी मात्र कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून खाली येताना विभाग बदलत नाही. वळवाच्या संध्याकाळी सात वाजता ओढ्यावर कुणी उभं राहावं, ही अपेक्षा माणसाकडून करणं चूक आहे. तिथे यंत्र उभं राहू शकतं, किंवा जवळच्या महाविद्यालयातली चार मुलं. पण त्यांनी घेतलेला नमुना मंडळाने ग्राह्य धरायचा की नाही, हे आधी ठरलेलं हवं. आज तो बातमीपुरता चालतो, कारवाईला चालत नाही.

माझ्या नव्या पद्धतीची किंमतही सांगते. ठिकाणं कमी झाल्यामुळे माझ्या प्रबंधात अख्ख्या कृष्णेचा रंगीत नकाशा नसेल. एक यंत्र पुरात गेलं, त्यामुळे एका ओढ्याची नोंद मध्येच तुटली आहे. परीक्षक विचारतील, "सँपल्स एवढे कमी का?" माझं उत्तर तयार आहे, ते त्यांना पटेल की नाही हे सांगता येत नाही.

पण एक गोष्ट मला पटली आहे. खाली सांगली-मिरजेची माणसं हे पाणी पितात, मासेमारी करणाऱ्यांची चूल त्यावर पेटते. त्यांना वर्षाची सरासरी प्यावी लागत नाही, त्या-त्या दिवसाचं पाणी प्यावं लागतं. आमचे तक्ते सरासरी सांगतात आणि तिला 'मध्यम' असा शेरा देतात. पुढच्या वेळी नदीच्या गुणवत्तेचा कुठलाही अहवाल हातात आला, माझा धरून, तर निर्देशांकाच्या आधी दोन गोष्टी शोधा: नमुना किती वाजता घेतला, आणि त्याआधी पाऊस कधी पडला होता. दोन्ही लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका.