न पाहिलेल्याची साक्ष

युद्धभूमीवर पाठविलेल्या चित्रकाराकडून समाज एक अपेक्षा बाळगतो : त्याने डोळ्यांनी पाहिले तेवढेच रंगवावे. वरकरणी हा न्याय निर्दोष वाटतो. परंतु स्कॉटलंडमध्ये वाढलेले चित्रकार पीटर हाऊसन यांच्या एका चित्राने तो कसोटीला लावला. त्या कसोटीला आपण कॅथलिकांनीही उतरावे असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हाऊसन यांचा जन्म १९५८ चा. ग्लासगोच्या कलाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मध्यंतरी काही काळ त्यांनी लष्करातही काढला. ग्लासगोच्या रस्त्यांवरील बेघर, मद्यपी, मुष्टियोद्धे हे त्यांचे आवडीचे विषय. त्यांची माणसे अवाढव्य असतात. स्नायू दोरखंडासारखे पिळलेले, चेहरे रापलेले. १९९३ मध्ये लंडनच्या इंपिरिअल वॉर म्युझियमने व ‘द टाइम्स’ दैनिकाने त्यांना युद्धचित्रकार म्हणून बोस्नियात पाठविले. पहिल्या खेपेस ते आजारी पडून लवकर परतले. वर्षअखेरीस पुन्हा गेले. तेथे सर्ब, क्रोएट आणि मुस्लिम हे कालपर्यंतचे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते. शांतिसैनिक, बंदूकधारी, घरातून हाकललेले नागरिक हे सारे हाऊसन यांच्या कुंचल्यातून उतरले आणि १९९४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले.

त्यांतील ‘क्रोएशियन आणि मुस्लिम’ हे चित्र पाहणे कठीण आहे. दोन पुरुष एका स्त्रीवर बलात्कार करीत आहेत आणि तिचे डोके शौचकूपाच्या भांड्यात दाबले गेले आहे. एवढेच सांगून आम्ही थांबतो. संग्रहालयाच्या समितीत या चित्रावरून दुमत झाले आणि अखेर ते घेण्याचे नाकारण्यात आले. आक्षेप असा की, चित्रकाराने हा प्रसंग स्वतः पाहिलेला नाही. हाऊसन यांनी तो अत्याचार सोसलेल्यांच्या कथनावरून रंगविला होता. पुढे गायक डेव्हिड बोवी यांनी ते चित्र १८,००० पौंडांना विकत घेतले, आणि संग्रहालयाने विस्थापितांच्या समूहाचे ‘क्लेन्स्ड’ हे चित्र आपल्या संग्रहात ठेवले.

‘पाहिले नाही’ हा आक्षेप आम्हांस पटत नाही. गोयाने ३ मे १८०८ च्या माद्रिदमधील हत्याकांडाचे चित्र रंगविले ते १८१४ मध्ये, सहा वर्षांनी. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका गावावर बाँब पडले तेव्हा पिकासो पॅरिसमध्ये होता. त्याने त्या संहाराची वार्ता वृत्तपत्रांतून वाचली. आणखी जवळचे उदाहरण आपल्याच घरात आहे. चित्रकारांचा आश्रयदाता मानला जाणारा संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच स्पष्ट करतो की, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून आलेल्या वृत्तान्ताचा कसून शोध घेऊन तो लिहीत आहे. म्हणून त्याची साक्ष आपण उणी मानतो काय? शिवाय अशा अत्याचाराला बाहेरचा साक्षीदार क्वचितच असतो. तो बंद दाराआड घडतो. चित्रकाराच्या डोळ्यांचीच अट घातली तर सोसणाऱ्या स्त्रीचा शब्द पुरावा ठरतच नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ मध्ये फोचा खटल्यात सर्ब सैनिकांना बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानून दोषी ठरविले, ते पीडित स्त्रियांच्याच साक्षींच्या आधारे.

मात्र चित्र समर्थनीय आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही. हाऊसन यांची शैली मुष्टियोद्ध्यांच्या आखाड्यात घडली. बळाचे चित्रण करताना ती फुलून येते. त्यामुळे या चित्रात अत्याचारी पुरुषांचे देह साऱ्या जागेचे धनी होतात आणि स्त्रीला चेहराच उरत नाही. हे तिच्या लज्जेचे रक्षण, की तिचे दुसऱ्यांदा पुसले जाणे? आमच्या मते दोन्ही. ‘क्लेन्स्ड’मध्ये हे उणेपण नाही. तेथे घरदार गमावलेली माणसे आपल्या सामानासह दिसतात आणि त्यांना चेहरे आहेत. ‘वांशिक शुद्धीकरण’ या शब्दातील ढोंग त्या शीर्षकाने उघडे पडते. चित्र म्हणून ‘क्लेन्स्ड’ सरस आहे. संग्रहालयाची निवड चांगली होती, नकाराचे कारण मात्र लंगडे होते. वस्तुतः ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लागावयास हवी होती. एकात कृत्य आहे, दुसऱ्यात त्याचा परिणाम.

आता आपल्याविषयी. शीर्षकातील ‘क्रोएशियन’ या शब्दामागे कोणता समाज आहे? क्रोएट बहुसंख्येने कॅथलिक. त्या युद्धात सर्वांत मोठा संहार सर्ब सैन्याने केला, क्रोएटांनीही अपार सोसले, हे खरेच. परंतु १६ एप्रिल १९९३ रोजी मध्य बोस्नियातील अहमिची गावात क्रोएट सैनिकांनी शंभराहून अधिक मुस्लिमांना ठार केले, त्यांत स्त्रिया व मुलेही होती, हेही तितकेच खरे. आपल्या मंदिरांत आपण रक्तसाक्षींच्या जखमा आदराने पाहतो. आपल्याच बाप्तिस्म्याच्या माणसांनी इतरांना केलेल्या जखमा पाहण्याची वेळ येते, तेव्हा आपणही त्या समितीसारखे ‘कोणी पाहिले?’ असे विचारतो. लहान मुलांसमोर हे चित्र धरावे असे आम्ही म्हणत नाही. प्रौढांनी मात्र त्यापासून तोंड फिरवू नये.

हाऊसन यांच्या पुढील वाटचालीत एक लक्षणीय टप्पा आहे. दीर्घ अंतर्गत पडझडीनंतर, २००० च्या सुमारास ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. २०११ मध्ये ग्लासगोचे संत आंद्रियाचे कॅथिड्रल जीर्णोद्धारानंतर खुले झाले, तेव्हा तेथे त्यांनी रंगविलेले संत जॉन ओगिल्व्ही यांचे चित्र लागले. या येशूसंघीय धर्मगुरूंना १६१५ मध्ये त्याच शहरात फाशी देण्यात आले होते. तो प्रसंगही हाऊसन यांनी पाहिलेला नव्हता. तरीही त्या चित्रापुढे प्रार्थनेला बसणारा भाविक चित्रकाराकडे पुरावा मागत नाही. हीच मोकळीक आपण बोस्नियातील त्या अनाम स्त्रीलाही देणे लागतो.