डोलकराच्या गाण्यात पाटी कुठे?

पेणजवळच्या आमच्या गडब गावात हळदीच्या रात्री शांता शेळके यांचं ‘मी डोलकर’ लागल्याशिवाय मांडवाला रंग चढत नाही. डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा, अशी माझीही बरीच वर्षं समजूत होती. पण डोल हे जाळ्याचं नाव. रुंद तोंडाची, शेपटाकडे निमुळती होत जाणारी लांबलचक पिशवीच ती. पाण्याच्या ओढीकडे तोंड करून ती बांधायची आणि वाट बघत बसायचं. ओढीबरोबर म्हावरं आपसूक आत शिरतं. गाण्यात राजेपणा मिरवणारा हा गडी खरा भरती-ओहोटीचा ताबेदार.

गाण्यात पुनव दोनदा येते. ऐकणाऱ्याला चांदणं दिसतं, खाडीकाठच्याला उधाण आठवतं: पाण्याला ओढ जबर, म्हणजे डोलीला कामाचे दिवस. त्यातच कवयित्रीने नाच घातला आहे.

शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, दर्यापासून पार लांब, घाटावरचा. तरी ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करताना त्यांचा कान कुठे चुकत नाही. हृदयनाथ मंगेशकरांची चालही अशी, की हेमंतकुमारांच्या खर्जातल्या गड्यानंतर लताबाईंची नखऱ्याची बाई आली की ठेका तोच असून होडी हलकी झाल्यासारखी वाटते.

थोर जागा मात्र वादळाच्या कडव्यात आहे. बाई वाट बघून झुरते, मग भरती येते, जमीन भिजते, आणि घरधनी येतो तो त्या भरतीसारखाच. भरतीवर होडी बंदराला लागते हा रोजचा व्यवहार; शांताबाईंनी त्याचाच शृंगार केला.

शेवटच्या कडव्यात अख्खा धंदा चार क्रियापदांत बसतो: टाकणं, लुटणं, भरणं, नेणं. माझी कुरकुर त्या चौथ्यावर आहे. म्हावरं बाजारात नेतो तो गडी! आमच्याकडे गड्याचं काम बंदरापर्यंत. तिथून पुढे पाटी बाईच्या डोक्यावर. पेणच्या बाजारात जाऊन बघा. कल्ला उचलून लाली दाखवणारी, वाट्यावर दोन कोलंब्या जादा टाकून गिऱ्हाईक धरून ठेवणारी, गल्ला कमरेला खोचणारी, सगळ्या बायाच. गाण्यातल्या बाईला नथ आहे, सोन्याचा साज आहे, केसांत चाफा आहे. पाटी तेवढी नाही.

आणि हळदीत याच कडव्यावर सगळ्यात जोरात नाचतात त्या बायका, ज्यांना पहाटे पाट्या भरायच्या असतात.