अतिया फैजींची रोजनिशी

अतिया फैजी हे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा इक्बालांकडे वळते. इक्बालांनी त्यांना लिहिलेली पत्रे आपण आवडीने वाचतो. त्यांची स्वतःची ‘जमाना-ए-तहसील’ ही रोजनिशी मात्र बाजूलाच राहते. हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे आम्हांला वाटते.

१९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर, शिक्षिका होण्यासाठी, त्या मुंबईहून लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. तिथून बहिणींना उर्दूत लिहून पाठवत. बहीण जोहरा यांनी तो मजकूर लाहोरच्या ‘तहजीब-उन-निस्वान’ या स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी तयार केला. १९२१ साली पुस्तक निघाले. पडद्यातल्या वाचक बायकांना विलायत दिसली ती शिकणाऱ्या मुलीच्या नजरेतून, हे या लेखनाचे मोल. उणीव अशी, की बड्या लोकांच्या भेटीगाठीच वारंवार येतात. गरिबांचे लंडन त्यामागे झाकले जाते. अभ्यासक्रम पुरा न करताच त्या १९०७ मध्ये परतल्या.

शिरूर-दौंडहून पुण्याच्या वसतिगृहात पहिल्यांदाच राहायला जाणाऱ्या आमच्या मुलींच्या हाती ही रोजनिशी मराठीतून पडायला हवी. घराबाहेर पडून शिकण्याची वाट आपल्याआधी कुणी चालले आहे, एवढे कळले तरी त्यांना धीर येईल.