जमाखर्चातली मधमाशी

जे. सी. कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीसच्या आंदोलनानंतरचे ते दिवस. बाहेर दुसरं महायुद्ध पेटलेलं. १९४५ मध्ये गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणून ते उघडावं, तर सुरुवातीलाच भेटतात गांडूळ, वाळवी, वारा आणि फळ खाऊन दूरवर बी टाकणारे पक्षी. निसर्गप्रेमाचं गोड पुस्तक असावं, असा समज होऊ शकतो. पण चार पानं पुढे गेलं की लेखकाचा खरा पेशा दिसू लागतो. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकले, मुंबईत त्यांनी हिशेबतपासनीस म्हणून काम केलं, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. अशा माणसानं जंगलाची वही तपासायला घेतली आहे आणि या पुस्तकाची सगळी गोडी त्या तपासणीत आहे.

कोणताही हिशेबनीस आधी मुद्दल कोणतं आणि व्याज कोणतं ते पाहतो. कुमारप्पा हाच प्रश्न पृथ्वीला विचारतात. कोळसा, पेट्रोलियम, लोखंड, तांबं, सोनं हा साठा आहे. काढला तेवढा कमी होतो. जंगलातलं लाकूड मात्र वाढीच्या बेतानं तोडलं तर पुन्हा पुन्हा मिळत राहतं. तो प्रवाह आहे. साठ्यावर उभं केलेलं अर्थकारण त्यांना क्षणभंगुर वाटतं, आणि हिंसकही. साठा संपत आला की त्यावर ताबा कुणाचा, याची मारामारी ठरलेलीच. तेलासाठी राष्ट्रं लढतात हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी किती सरळ मांडलं आहे! आवाज न चढवता, आकडेमोड करावी तसं.

हा विचार त्यांनी नुसता कागदावर ठेवला नव्हता. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम ते वर्ध्याच्या मगनवाडीत पाहत होते. तिथे तेलघाणी होती, हातकागद होता, ताडगूळ होता. तिथेच रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. रॉकेल साठ्यातलं, बियांचं तेल दर हंगामात नव्यानं येणारं. पुस्तकातला सगळ्यात मोठा भेद एका दिव्याच्या टाकीत उतरला होता. म्हणून त्यातले अमूर्त परिच्छेदसुद्धा मला कोरडे वाटत नाहीत.

पुस्तकाचा गाभा म्हणजे अर्थव्यवस्थेच्या पाच पायऱ्या. वाघ मेंढी मारतो: ही पहिली, परोपजीवी. माकड आमराईत शिरून आंबे खातं, जिथे त्यानं ना झाड लावलं ना पाणी घातलं: ही दुसरी, लुटारू. तिसरी उद्यमाची, चौथी समूहाची, पाचवी सेवेची. जीवशास्त्राचा विद्यार्थी लगेच अडखळेल, कारण त्याच्या वहीत वाघ शिकारी आहे, परोपजीवी नव्हे. पण कुमारप्पांच्या वहीत रकाने दोनच आहेत: घेतलं किती आणि दिलं किती. वाघानं घेतलं तेव्हा मेंढी, म्हणजे मूळ स्रोतच, संपली. माकडानं घेतलं तरी झाड उभं राहिलं. फक्त देण्याचा रकाना रिकामा. माणसांतली उदाहरणंही याच मापानं बेतलेली आहेत. दागिन्यांसाठी मुलाचा जीव घेणारा पहिल्या पायरीवर, खिसेकापू दुसऱ्या. नांगरून, खत घालून, पाणी देऊन मग पीक घेणारा शेतकरी तिसऱ्या.

आणि इथे मधमाशी येते. एकदा नव्हे, दोनदा. तिसऱ्या पायरीवर ती फुलातला मध घेते आणि घेता घेता परागीकरण करून जाते. दोन्ही रकाने भरले. चौथ्या पायरीवर तीच माशी परत येते, पण आता कुमारप्पा पोळ्याकडे पाहतात: तिनं मध गोळा केला तो स्वतःसाठी नाही, सगळ्या वसाहतीसाठी. उदाहरणांचा तुटवडा असता तर ही पुनरुक्ती ठरली असती. मला मात्र ही पुस्तकातली सर्वांत सुंदर जागा वाटते. प्राणी बदलला नाही, काम बदललं नाही. हिशेब कोणाच्या खात्यावर लिहायचा एवढंच बदललं आणि पायरी चढली. एकत्र कुटुंब, ग्रामपंचायत, सहकारी संस्था ही माणसांची चौथी पायरी या एका माशीमुळे आपोआप पटते. पाचवीवर पिलांना भरवणारी पक्षीण आहे. तिथे घेण्याचा रकानाच उरत नाही.

वाघाबद्दल माझा त्यांच्याशी मतभेद आहे. वाघ हरणांचे कळप आवरतो, त्यामुळे कोवळी रोपं वाचतात, रान टिकतं. एका मेंढीचा हिशेब मांडताना कुमारप्पांनी रानाचं खातं उघडलंच नाही. गंमत अशी की गांडुळाचं आणि पक्ष्याचं खातं त्यांनी अगदी नेमकं उघडलं होतं. त्यांचीच पद्धत आणखी दोन पानं चालवली असती, तर वाघालाही देण्याचा रकाना मिळाला असता.

भाषेबद्दल एवढंच, की वाक्यं आखूड, उदाहरणं रोजच्या जगण्यातली आणि विशेषणं मोजकी. कामाविषयीच्या विवेचनात हा साधेपणा फार कामी येतो: कामात कष्टाचा भाग असतो तसा आनंदाचाही असतो आणि दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला यायला हवेत, असा त्यांचा आग्रह आहे. आनंद एकाकडे आणि निव्वळ राबणं दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली, की माणूस खुरटतो. ई. एफ. शूमाखर यांनी १९७३ च्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ मध्ये बौद्ध अर्थशास्त्रावर लिहिताना कामाच्या मोलासाठी कुमारप्पांचाच आधार घेतला. त्या पुस्तकामुळे जगभरच्या कितीतरी वाचकांना कुमारप्पा हे नाव पहिल्यांदा कळलं. आणि इथे वर्ध्यात, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही सुरू आहे.