पट्ट्यांचा धबधबा

सेगाचे मेगा ड्राइव्ह आणि निन्टेन्डोचे सुपर फॅमिकॉम या दोन जपानी गेम-यंत्रांची तुलना बहुधा रंगांच्या मोजणीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. १९८८ साली आलेले मेगा ड्राइव्ह ५१२ रंगांतून एका वेळी साठ-एकसष्ट रंग दाखवी. १९९० साली आलेल्या सुपर फॅमिकॉमकडे ३२,७६८ रंगांचा साठा होता आणि त्यातले २५६ एका वेळी पडद्यावर येत. आकडे खरे आहेत, पण त्यांवरून दिला जाणारा निकाल मला मान्य नाही.

१९९१च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला पहिलाच प्रदेश, ग्रीन हिल, पाहावा. तिथले धबधबे आजच्या लॅपटॉपवर उभ्या पट्ट्यांचे दिसतात. एक रेघ पाण्याची, एक मोकळी. चित्रकार आळशी होता असे वाटावे! पण हे चित्र पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी, पिवळ्या पिनेच्या केबलसाठी काढलेले होते. त्या एकाच तारेतून उजेड आणि रंग एकत्र जात, शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि पट्ट्यांचे पारदर्शक पाणी होई. दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडले की तिसऱ्या रंगाचा भासही असाच मिळे. युरोपात स्कार्टची चांगली केबल जोडणाऱ्याला मात्र या पट्ट्या तेव्हाही दिसत. यंत्रात नसलेला पारदर्शकपणा चित्रकाराने टीव्हीच्या दोषातून मिळवला होता.

सुपर फॅमिकॉमला ही उसनवारी लागत नसे. दोन थरांचे रंग बेरजेने किंवा सरासरीने मिसळण्याची सोय त्याच्या चित्र-चिपमध्येच होती. १९९१च्या ‘झेल्डा’तल्या हरवलेल्या जंगलावरचे धुके असे येते. शिवाय ‘मोड ७’. एक सपाट नकाशा फिरवायचा, लहानमोठा करायचा आणि पडद्याच्या प्रत्येक ओळीला त्याचे माप बदलायचे. ‘एफ-झिरो’चा रस्ता त्यातून क्षितिजाकडे धावतो. मात्र या मोडमध्ये पार्श्वभूमीचा साधारणपणे एकच थर उरतो आणि गाड्यांची चित्रे आपोआप लहानमोठी होत नाहीत, वेगवेगळ्या मापांत आधीच काढून ठेवावी लागतात. मला हा रस्ता आजही थक्क करतो, गाड्या तेवढ्या नाहीत.

१९९३मध्ये ‘अलादीन’ या एकाच चित्रपटावर दोन गेम निघाले. सुपर फॅमिकॉमचा कॅपकॉमने केला, मेगा ड्राइव्हचा व्हर्जिनने, आणि व्हर्जिनच्या गेममधल्या हालचाली डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने रेखाटल्या. रंग कमी असूनही मला तोच अलादीन अधिक जिवंत वाटतो. त्याच्या धावण्यात वजन आहे. कॅपकॉमची पार्श्वभूमी अधिक मऊ आहे, हे कबूल.

आज या यंत्रांवर लिहिणारे बहुतेकजण एम्युलेटरच्या लखलखीत चित्रावरून लिहितात. संगीत नाटकाची छापील संहिता वाचून गायकीवर मत द्यावे, तसे हे आहे. त्यात मेगा ड्राइव्हचे नुकसान अधिक होते, कारण त्याचे चित्र अर्धे टीव्हीत पूर्ण होई. सुपर फॅमिकॉमही अगदी सुटत नाही: २५६ ठिपक्यांची त्याची ओळ टीव्हीवर रुंदावत असे. एम्युलेटर चौकोनी ठिपके दाखवू लागला की माणसे बारीक होतात आणि टीव्हीसाठी गोल काढलेला चंद्र अंडाकृती होतो.

जुने गेम पुन्हा विकताना कंपन्या हल्ली पडद्यावर आडव्या काळ्या रेषा टाकण्याची सोय देतात. पण नुसत्या रेषांनी ट्यूबची नक्कल होते, केबलमधली मिसळण होत नाही. पडदा जुना दिसू लागतो आणि ग्रीन हिलच्या धबधब्यात पट्ट्या तशाच राहतात.