ग्रॅबर्नचे दोन कप्पे आणि कोल्हापुरी चप्पल

सिनॉप्सिस लिहिताना नेल्सन ग्रॅबर्नचं ‘एथनिक अँड टुरिस्ट आर्ट्स’ (१९७६) जरूर वाचा, पण त्याची प्रस्तावना जशीच्या तशी उचलू नका. काही वस्तू आपल्या समाजासाठी, काही बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी, ही त्याची मुख्य विभागणी. पुढे तो पोटप्रकार करतो, तरी पाया हाच. आता आपल्या धुळ्याचा माणूस अंबाबाईच्या दर्शनाला जातो, येताना कोल्हापुरी आणतो, आठवण म्हणून. आणि झिजेपर्यंत वापरतो. तो बाहेरचा की आपला? २०१९ च्या जीआयमध्ये महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. मग ‘स्थानिक’ कारागीर नेमका कुठला? प्रश्नावलीत ‘पर्यटक’ असा एकच रकाना ठेवलात, तर हा धुळेकर निसटतो. मी ठेवला होता. निम्मे फॉर्म परत भरून घ्यावे लागले.