चाल लावण्याआधी: साहित्य गाणाऱ्या एका लहान संचाची उलटतपासणी



आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गाण्याबिण्याकडे कुठे वळलात?" वळलो खरे. उभी हयात वर्गात तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर आम्ही धसईला राहायला आलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं, आसपासच्या पाड्यांचं हे बाजाराचं गाव. गोरखगडाला जाणारी मंडळी इथूनच पुढे देहरीकडे जातात. 2016 च्या डिसेंबरात 'कॅशलेस गाव' म्हणून वर्तमानपत्रांत नाव आलं, तेवढीच काय ती प्रसिद्धी. एरवी भाताची शेती आणि देवळातलं भजन. या गावात आम्ही सहाजणांनी एक लहानसा संच सुरू केला. पेटी, ढोलकी, बासरी, कॅसिओ आणि गाणारी एक मुलगी. हे झाले पाच. सहावे आम्ही. आम्हांला गाता येत नाही, वाजवता येत नाही. आम्ही कविता निवडतो आणि वाद घालतो.

हेतू साधा होता. मराठीतलं चांगलं साहित्य गाऊन लोकांपुढे ठेवायचं. पुस्तक विकत घेऊन वाचणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गाणं मात्र सगळे ऐकतात. पण पहिल्याच कार्यक्रमात आम्ही जे केलं, त्याची समीक्षा आज आपल्यासमोर करायची आहे. दुसऱ्यांची करण्याआधी स्वतःची केलेली बरी.

झालं असं. जवळच्या पाड्यावरच्या एका आजींकडून जात्यावरच्या काही ओव्या आम्ही उतरवून घेतल्या. आमच्या कॅसिओवाल्याने त्यांना झोकदार चाल लावली. मध्ये बासरीचे तुकडे, खाली ढोलकीचा ठेका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजी पहिल्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर आम्ही मोठ्या अपेक्षेने त्यांच्याजवळ गेलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, गानं चांगलं हाय. पन माजी ववी कुठं हाय त्यात?"

आता गंमत पाहा. एक शब्दही आम्ही बदललेला नव्हता. मग ओवी गेली कुठे?

हा प्रश्न जुना आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये सांगून टाकलं की स्वर आणि लय यांनी शब्दांच्या मागून चालावं. आपल्याकडचा कीर्तनकारही तेच मानतो. याच्या अगदी उलट सुझान लँगर या अमेरिकन विदुषीने 1953 च्या 'फीलिंग अँड फॉर्म' या ग्रंथात म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की कविता गाण्यात शिरली की कविता म्हणून उरतच नाही. संगीत तिला गिळून पचवतं, आणि जे उरतं ते संगीतच. त्या रात्री आम्हांला वाटलं, लँगरबाई जिंकल्या. पण आपल्या मराठीतली उदाहरणं तपासली तर निकाल इतका सरळ लागत नाही. शब्द आणि चाल यांची भेट कधी झाली, यावर बरंच अवलंबून असतं.

पहिला प्रकार घ्या: शब्द लिहिलेच गेले गाण्यासाठी. 'गीतरामायण' आठवा. 1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं आणि पुढे वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे, छप्पन्न गीतं झाली. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. यात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. प्रत्येक गीत कुणीतरी बोलतंय. कधी राम, कधी सीता, कधी कौसल्या. बोलणारा ठरलेला, ऐकणारा ठरलेला आणि प्रसंगही ठरलेला. त्यामुळे चाल लावणाऱ्याला भाव हवेतून आणावा लागला नाही. फडक्यांचे शब्दोच्चार ऐका. जोडाक्षरसुद्धा कुठे सांडत नाही. पण याची किंमतही मोजावी लागली. आज 'गीतरामायण' नुसतं वाचून पाहा. वाचता येत नाही, चाल आपोआप तोंडात येते. ती गीतं गाण्यासाठीच लिहिली होती, म्हणून तिथे हे खपतं. ज्या कवितेला वाचकाच्या मनात दहा वाटा मोकळ्या हव्यात, तिचं काय?

तो दुसरा प्रकार: कविता आधी छापली गेली, चाल मागाहून आली. हृदयनाथ मंगेशकरांनी ग्रेस आणि आरती प्रभू यांच्या कविता गाण्यात आणल्या, तो इथे फार मोठा दाखला आहे. ग्रेस दुर्बोध म्हणून प्राध्यापक मंडळी कपाळाला हात लावत. आणि तेच शब्द रिक्षावालेही गुणगुणायला लागले. चालीने अर्थ समजावून दिला का? आमच्या मते नाही. चालीने अर्थावाचून त्या कवितेत राहण्याची सवय लावली. ही मोठीच गोष्ट झाली. पण चाल हे भाष्य असतं हे विसरू नये. ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केलं म्हणून गीतेवर दुसऱ्याने लिहायचं थांबवलं नाही. गाण्याचं तसं होत नाही. एक चाल गाजली की बाकीच्या चाली जन्मायच्या आधीच मरतात. म्हणून या प्रकारात हात घालणाऱ्याने जास्त भ्यावं. आम्ही मर्ढेकरांच्या दोन कविता घेतल्या होत्या, त्या परत ठेवल्या. त्या नुसत्या नीट वाचून दाखवतो.

तिसरा प्रकार म्हणजे शब्द आणि चाल जुळी भावंडं. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ते आमच्यासारखंच लहान पथक होतं, पण काम केवढं! डफ-तुणतुण्याची जुनी शाहिरी साथ. गिरणगावातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही पहिली अट. वाद्य वाढवलं की शब्द बुडतो, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. समोरची गर्दीच शिकवत होती.

याच प्रकारात बहिणाबाई चौधरी येतात. लिहिता-वाचता न येणारी शेतकरी बाई. घरात, शेतात काम करता करता ओव्या रचल्या आणि गायल्या. 1951 मध्ये त्या गेल्या, 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे गाणं कागदावर आलं. पुढे 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांच्या चालीत ते पुन्हा गाणं झालं. त्या गाण्याने बहिणाबाई घराघरांत नेल्या, हे ऋण मान्यच. तरीही एक तक्रार राहते. बहिणाबाईंचा तिरकस विनोद आणि खानदेशी बोलीचा खडबडीतपणा पुस्तकात दातांखाली येतो. गोड आवाजात तो विरघळतो. पहिलं गाणं आणि दुसरं गाणं यांच्या मधे जो कागद आला, त्याने कामाची लय पुसून टाकली होती.

आता आमची चूक सापडली. आजींची ओवी होती तिसऱ्या प्रकारातली, आणि आम्ही तिला दुसऱ्या प्रकारातली समजून वागवली. छापील कविता असल्यासारखी चाल 'लावली'. तिला चाल होतीच की!

पुन्हा पाड्यावर गेलो. आजींना म्हटलं, जात्यावर बसूनच म्हणा. जातं पडवीत उलटं पडलं होतं, ते मांडलं. आणि आम्हांला दिसलं ते असं: ओळ संपली की त्या थांबत. तेवढ्यात हात जात्याच्या तोंडात मूठभर दाणे सोडी, दगडाची घरघर तेवढी ऐकू येई, मग पुढची ओळ. त्या थांब्यात दम असतो, आठवण असते, आणि पुढची ओळ तिथेच सुचते. आम्ही नेमकी तीच जागा बासरीच्या तुकड्याने बुजवली होती. ओवी तिथे होती!

गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कागदावर आणि ध्वनिमुद्रणात राहतील. पण गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी म्हणायचं कारणच संपलं. यापुढे धसईच्या मुलांना ओवी ऐकू येईल ती आमच्यासारख्यांच्या कार्यक्रमातच. आम्ही जी चूक करू तीच त्यांच्यासाठी खरी ओवी होऊन बसेल. म्हणून आजींचा तो एक प्रश्न आम्हांला कुठल्याही परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा जड वाटतो.

आपल्यापैकी कुणी असा संच काढणार असेल, तर सांगण्यासारखं थोडकंच आहे. मजकूर हातात आला की आधी विचारा, हे कोण बोलतंय, कुणाशी, आणि बोलताना हात काय करताहेत? पहिल्या दहा तालमी वाद्यांशिवाय करा. प्रत्येक वाद्याला विचारा, तू कुणाची जागा घेतोस? आणि कार्यक्रमानंतर श्रोत्याला 'कसं झालं?' असं विचारू नका, 'काय म्हटलं होतं?' असं विचारा.

आमच्यातही सगळं सुरळीत आहे असं समजू नका. बासरीवाला पोरगा रुसलाय. म्हणतो, "सर, मग मी नुसता बसून राहू?" त्याचं चुकत नाही. आम्ही त्याला म्हटलं, बाबा रे, जातं थांबतं तिथे तूही थांब. आणि जिथे आजींचा दम पुरत नाही, तिथे एक सूर धरून ठेव. गेल्या महिन्यात त्याने तसं केलं. आजी काही बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या ओवीपासून खाली बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात गोल फिरायला लागला.

लँगरबाईंना उत्तर द्यायला आमच्याकडे सध्या एवढंच आहे.